चिनी माल नको, ठीक. मग कारखाना कुणाच्या खाडीवर?

बॅचनंबर (धागाकर्ता)

२०२० च्या जूनमध्ये गच्चीवरून चिनी टीव्ही फेकल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पुढे ढकलले होते. आता आकडे बघा. २०१९-२० मध्ये चीनमधून आपली आयात होती साधारण ६५ अब्ज डॉलरची. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्जांच्या वर गेली. त्याच वर्षी आपण त्यांना विकलं ते जेमतेम १४ अब्जांचं. म्हणजे कोविडची साथ आली, गलवान झालं, ५९ अॅप बंद झाली, आत्मनिर्भरतेची घोषणा झाली, आणि एवढं सगळं होऊन आयात पावणेदोन पटीच्या आसपास वाढली.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत प्रॉडक्शनला होतो. औषधांचे इंटरमीडिएट, म्हणजे कच्चा माल आणि औषध यांच्या मधल्या टप्प्यांवरची रसायनं, बनवायचो, आता निवृत्त. टीव्ही आणि मोबाईलबद्दल मला फार कळत नाही, तेव्हा औषधांपुरतंच लिहितो.

चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने बंद असतात हे आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ड्रम भरून ठेवायची पद्धतच आहे. २०२० मध्ये सुट्टी सुरू झाली आणि संपलीच नाही. २३ जानेवारीला वुहान बंद झालं, पाठोपाठ बाकीचे भाग. फेब्रुवारीभर गोदामातल्या साठ्यावर चाललं, मग परचेसवाल्यांचे फोन सुरू झाले. ३ मार्चला भारत सरकारने पॅरासिटामॉल धरून २६ मूळ औषधं आणि त्यांच्या गोळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. जगाचं औषधाचं दुकान म्हणवणाऱ्या देशाला तापाच्या गोळीची निर्यात अडवावी लागली, कारण गोळी आपली असली तरी गोळीतला माल आपला नव्हता.

तो कसा, ते सांगतो. पॅरासिटामॉल बनतं पॅरा अमिनो फिनॉलपासून. ते बनतं नायट्रोबेन्झीन किंवा नायट्रोक्लोरोबेन्झीनपासून, आणि ते बेन्झीनपासून. शेवटच्या एक-दोन पायऱ्या भारतात कितीतरी कारखान्यांत होतात. आधीच्या पायऱ्या, म्हणजे नायट्रेशन, रिडक्शन, जिथे वास, आम्ल आणि काळं पाणी असतं, त्या हळूहळू चीनकडे गेल्या. आपल्या आयात होणाऱ्या मूळ औषधांत आणि इंटरमीडिएटमध्ये सुमारे दोन तृतीयांश वाटा चीनचा, तो असा जमला.

गंमत म्हणजे हे आपल्याला येत नव्हतं असं अजिबात नाही. रायगडात रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता. कंपनी १९६० ची. नायट्रोबेन्झीन, अॅनिलीन हीच त्यांची मुख्य उत्पादनं. २०१७ मध्ये केंद्राने रसायनीचे प्लांट बंद करायचा निर्णय घेतला, फक्त इस्रोला रॉकेटसाठी लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा वगळून. पेनिसिलीन तर पिंपरीला १९५५ पासून बनत होतं. पुढे देशात पेनिसिलीन जी बनवणारे इतरही झाले, आणि चीनच्या भावापुढे टिकाव न लागून सगळे बंद पडले. पेनिसिलीन जी नसेल तर ६-एपीए (त्यापासून बनणारा पुढचा टप्पा) नाही, ते नसेल तर अॅमॉक्सिसिलीन नाही. लहान मुलांच्या कानदुखीचं साधं औषध.

साथ आल्यावर सरकारने पीएलआय आणली, म्हणजे देशात उत्पादन केलं की प्रोत्साहनाचे पैसे देणारी योजना, ६,९४० कोटींची, शिवाय तीन बल्क ड्रग पार्कसाठी, म्हणजे मूळ औषधं बनवणाऱ्या कारखान्यांच्या वसाहतींसाठी, ३,००० कोटी. त्यातून काकीनाड्याला पेनिसिलीन जीचा मोठा प्लांट २०२४ मध्ये सुरू झाला. पार्कसाठी महाराष्ट्राने रोहा-मुरूड भागातली जमीन सुचवली होती. तिथल्या गावांनी विरोध केला. २०२२ मध्ये पार्क गुजरात, हिमाचल आणि आंध्रला मंजूर झाली, आणि आपल्याकडे लगेच "प्रकल्प पळवला" विरुद्ध "तुमच्याच काळात रखडला" असा नेहमीचा सामना रंगला.

माझा प्रश्न राजकारणाचा नाही. चीनवरचं अवलंबन कमी करायचं तर त्या काळ्या पाण्याच्या पायऱ्या कुठेतरी परत आणाव्या लागतील. आपल्या किनाऱ्यावर आणायच्या का?

---

चाकरमानी७७

यात प्रश्न कसला? आणायच्या! देश आधी. चिनी माल विकत घेणं म्हणजे सीमेवरच्या शत्रूला पैसे देणं. लोकांनी थोडी महागाई सोसायला हवी. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीने गणपतीला एकही चिनी माळ लावलेली नाही.

---

खाडीपट्टा

@चाकरमानी, डोंबिवलीत राहून एमआयडीसी आणा म्हणताय, कौतुक आहे. मे २०२४ मध्ये तुमच्याकडे रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा काचा किती लांबच्या घरांच्या फुटल्या ते आम्ही टीव्हीवर बघितलं.

@बॅचनंबर काका, तुम्ही प्रश्न सरळ विचारलात म्हणून सरळ उत्तर देते. नको. दाभोळ खाडीच्या काठावर माझं सासर. लोट्याचं पाणी प्रक्रिया करून करंबवणेच्या बाजूला खाडीत सोडतात असं कागदावर आहे. प्रक्रिया किती होते ते आमची जाळी सांगतात. मेलेले मासे तरंगल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी येते, अधिकारी येतात, पाण्याच्या बाटल्या भरून नेतात, आणि त्या बाटल्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगायला येत नाही. सासूबाई सांगतात, ओहोटीला टोपली घेऊन गेलं की कालवं आणि तिसऱ्या पुरे इतक्या मिळायच्या. आता खाडीची मासळी म्हटलं की बाजारात गिऱ्हाईक वास घेऊन बघतं.

स्वस्त चिनी औषध म्हणता, ते स्वस्त होतं कारण तिकडच्या कुठल्यातरी खाडीने त्याची किंमत भरली. इकडे आणलंत तर आमची खाडी भरेल. सोसायटीच्या माळांनी त्यात काय फरक पडतो?

---

बॅचनंबर

खाडीपट्टा ताई, बाटल्यांचं खरं आहे. वाद घालत नाही. एवढंच सांगतो की चीनलाही ही किंमत जड झाली. २०१७-१८ च्या सुमारास त्यांनीच प्रदूषण करणारे कितीतरी रासायनिक कारखाने बंद केले, आणि इथे आमच्या मालाचे भाव एकदम चढले. मार्च २०१९ मध्ये जिआंग्सू प्रांतात शिआंगशुई इथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, ७८ माणसं गेली. त्यानंतर तिथली ती वसाहतच बंद केली. लोट्यात त्या वर्षी ओव्हरटाइम होता. म्हणजे साथीच्या आधीच पुरवठा डळमळीत होता, साथीने फक्त झाकण काढलं.

---

हर्णैचा तांडेल

सगळे घेण्याचं बोलतात, विकण्याचं कोण बोलणार? आमच्या मासळीचा चीन हा मोठा गिऱ्हाईक आहे मंडळी. म्हाकूल आणि बला (कंपनीवाले रिबनफिश म्हणतात तो) इथे कोण एवढा खातो? तो फ्रीज होऊन जातो बाहेर, आणि त्यातला बराच चीनला. २०२३-२४ चे एमपीईडीएचे (मासळी निर्यातीचं केंद्र सरकारी खातं) आकडे: देशातून एकूण १७.८ लाख टन मासळी गेली, त्यातली साडेचार लाख टन एकट्या चीनला. पैशात अमेरिका पहिली, कारण ती कोळंबी घेते. वजनात बघाल तर चीनचं पारडं जड.

फेब्रुवारी २०२० मध्ये झालं असं की चीनच्या बंदरांत थंड कंटेनर उतरवून ठेवायला जागाच उरली नाही. शांघायला, तिआनजिनला कंटेनर लावायचे प्लग संपले. माल तिकडे अडकला म्हणून इकडे कंपनीवाल्यांनी हात आखडता घेतला. मग लॉकडाऊन. पुढे वेगळंच. पाकिटावर विषाणू सापडला म्हणून तिकडे माल थांबवायला लागले. आधी इक्वेडोरच्या कोळंबीवरून झालं, मग आपल्याकडच्या मालावरूनही. पाकिटावरच्या विषाणूने किती माणसं आजारी पडली ते देव जाणे. दर मात्र इथे बंदरावर पडला, आणि लिलावात ओरडणारा व्यापारी गप्प उभा राहिला.

आणि बोटीत बघाल तर इंजिन चायनाचं. देशी इंजिनाच्या मानाने स्वस्तात जास्त ताकद मिळते म्हणून कितीतरी जणांनी बसवलं. एलईडीचे दिवे पण तिकडचेच. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे तरी रात्री समुद्रात दिवाळी असते, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय, इथे काढला तर मारामारी होईल.

तर आमचा मासा नेणारा तोच, इंजिन देणारा तोच. आम्ही बहिष्कार कुणावर घालायचा?

---

देवगडी

माका औषधाच्या कारखान्यातला काय कळणा नाय. बागेतला सांगतंय. फवारणीचो पंप चायनाचो, गवात कापूचा मशीन चायनाचा. थ्रिप्सवर जा औषध मारतंव तेचो मूळ माल पण थयसूनच येता असा दुकानदार सांगता. २०२० च्या एप्रिलात आंबो तयार, गाडयेक पास होयो, मार्केट बंद, तेव्हा आमका चीनचो राग येवक येळच नाय गावलो. पुढच्या हंगामात पंपाचो पार्ट मिळाना तेव्हा कळला आपण खयच्या दोरयेर लटाकलंव ते.

बहिष्कार घालूक माझी ना नाय. पण आदी माका त्याच किमतीत देशी पंप दाखवा.

---

चाकरमानी७७

पंप, इंजिन, माळा... म्हणजे काहीच करायचं नाही का? खेळण्यांचं बघा. सरकारने ठरवलं आणि चिनी खेळणी बाजारातून गेली. इच्छाशक्ती लागते!

---

चितारआळी

खेळण्यांचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. आम्ही सावंतवाडीचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळं, बैलगाड्या, पाट, गंजिफा.

फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा. आयात खरंच खूप घटली. याची सुरुवात इथे लॉकडाऊन लागायच्या आधीच झाली होती हे ध्यानात घ्या. इच्छाशक्ती होती हे मान्य, कारण खेळण्यांना नदी काळी करावी लागत नाही आणि खेळणं महाग झालं म्हणून कुणाचा ताप वाढत नाही. सगळ्यात सोपं गणित आधी सुटलं.

पण सुटलं ते कुणाचं? मोठ्या प्लास्टिक खेळण्यांच्या कारखानदारांचं. आमच्यासारख्या नोंदणीकृत हस्तकारागिरांना शिक्क्याच्या सक्तीतून सूट मिळाली, ते बरं झालं, नाहीतर एकेका लाकडी केळ्याची चाचणी करून घ्यायची वेळ आली असती. तरी गिऱ्हाईक चिनी बाहुली सोडून आमच्या बैलगाडीकडे वळलं नाही, ते देशी प्लास्टिककडे वळलं. आणि त्या देशी प्लास्टिकच्या गाडीतली छोटी मोटर आणि आवाजाची चिप कुठून येते ते एकदा उघडून बघा. आमची अडचण चीन नव्हतीच. आमची अडचण पांगाऱ्याचं लाकूड. ते आता हवं तसं मिळत नाही.

---

न्हावाशेवा

बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे काम करतो, उरणला. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, ऐकून कुणाला राग आला तर येऊ दे.

जून २०२० च्या शेवटी चीनहून आलेल्या प्रत्येक कंटेनरची तपासणी सुरू झाली. लेखी आदेश कुणी दाखवला नाही, पण माल हलेना. देशप्रेमाने छाती फुगली सगळ्यांची. चार दिवसांनी कोण रडायला लागलं? आपलेच औषध कारखाने. त्या कंटेनरांत बॅचनंबर काकांचे ड्रम होते. मोबाईल जोडणाऱ्यांचे सुटे भाग होते. चिनी विक्रेत्याला त्याचे पैसे बहुतेक वेळा आधीच पोचलेले असतात, भुर्दंड पडतो तो आपल्या आयातदाराला.

दुसरं म्हणजे चिनी माल आता थेट चीनमधूनच येतो असं नाही. व्हिएतनाम, मलेशिया, थायलंडचा कागद लावून येतो. आसियानशी, म्हणजे या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, आपला करार आहे, शुल्क कमी लागतं. ते रोखायला सप्टेंबर २०२० मध्ये नवे नियम आले, की आयातदाराने माल खरंच तिथे बनलाय याची माहिती बाळगायची. कागदपत्रं जाड झाली. माल येतच राहिला, कारण तिथल्या कारखान्यातही सुटे भाग चीनचेच. तेव्हा ११३ अब्जांचा आकडाही पूर्ण आहे असं समजू नका.

जाता जाता: जगभरच्या बंदरांत कंटेनर उचलणाऱ्या ज्या उंच क्रेन दिसतात, त्यातल्या बहुतांश शांघायच्या एका कंपनीच्या. चिनी माल अडवायचा तर तो उतरवून घ्यायलाही चिनी क्रेन.

---

जुनी पानं

तांडेलभाऊंच्या मुद्द्याला जुना दाखला देतो. १८९० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या सूत कातायच्या, आणि त्यातलं भरपूर सूत चीनला जायचं. गिरण्यांत कामाला कोण, तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं, मोठ्या संख्येने. चांदीचा भाव, चीनमधली मागणी, हाँगकाँगचे दर यावर परळच्या खोलीतून गावाला जाणारी मनीऑर्डर अवलंबून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो हाँगकाँगच्या बाजूने जहाजातून आला असं मानलं जातं. माणसं शहर सोडून बोटीने, पायी कोकणात परतली. २०२० च्या मे महिन्यात घाटातून गाड्यांची रांग लागली होती तेव्हा मला तेच आठवलं.

पुढे ते चीनचं गिऱ्हाईक आपण सोडलं नाही, ते गेलं. जपानच्या गिरण्यांनी आणि खुद्द चीनमधल्या गिरण्यांनी घेतलं. मुंबईवाले सुताकडून कापडाकडे वळले, देशातलं गिऱ्हाईक शोधलं, १९०५ च्या स्वदेशी चळवळीने त्यांना हात दिला. यात घोषणेचा वाटा होता, नाही असं नाही. पण घोषणेच्या आधी माग बसवलेले होते, हे कुणी सांगत नाही.

---

हर्णैचा तांडेल

जुनी पानं, मस्त. हे शाळेत का नाही शिकवलं?

आणि आता ताजं घ्या. चीन नको म्हणून अमेरिकेकडे बघा असं आम्हाला मीटिंगमध्ये सांगायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. आंध्रचे कोळंबीवाले बसले डोक्याला हात लावून. मित्र म्हणवणाऱ्याने साथ नसताना, युद्ध नसताना हे केलं. मला तर वाटतं देश कुठला यापेक्षा गिऱ्हाईक एकच असणं हा रोग आहे. जपान, कोरिया, युरोप, आखात, थोडं थोडं सगळीकडे गेलं पाहिजे. त्यासाठी बंदरावर बर्फ, स्वच्छता, शीतगृह लागतं. युरोपवाला बंदरावरची फरशी बघतो. आमच्याकडे मासळी अजून वाळूत उतरते.

---

चाकरमानी७७

मग उपाय काय ते सांगा ना कुणीतरी. सगळे नुसते अडचणी सांगतायत.

---

बॅचनंबर

सांगतो, माझ्या कुवतीप्रमाणे. पटलं नाही तर फाडा.

काकीनाड्याचा प्लांट सुरू झाला आणि चीनचे पेनिसिलीन जीचे भाव खाली आले. लगेच आपल्याकडे आयातीला किमान किंमत लावा अशी मागणी सुरू झाली, आणि ज्यांचा धंदा स्वस्त मालावर चालतो ते गोळ्या बनवणारे विरोधात गेले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपले कारखाने असेच बंद पडले होते. त्यामुळे एकदा कारखाना उभारला की तो भाव पडले तरी चालू ठेवायची तयारी लागते. सबसिडीची फीत कापून भागत नाही. सरकारी दवाखान्यांच्या खरेदीत ठरावीक वाटा देशी मालाचा, थोडा महाग पडला तरी, असं काहीतरी हवं. हे दहा-वीस औषधांपुरतं परवडेल. सगळ्यांपुरतं नाही.

बाकीच्यांसाठी दुसरा पुरवठादार शोधावा. तोही दुसऱ्या देशातला. तो चीनमधूनच कच्चा माल घेत नाही ना हे बघून, न्हावाशेवा म्हणतात तसं.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती म्हणजे साठा. कच्च्या तेलाचा आपण साठा करतो, विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली गुहा करून, ५३ लाख टनांच्या वर क्षमता. औषधांच्या कच्च्या मालाचा का नाही? चिनी नववर्षासाठी आम्ही जे दीड-दोन महिन्यांचं करायचो तेच देशाने सहा महिन्यांचं करायचं. भांडवल अडकतं, बँकेचं व्याज लागतं, काही माल थंड ठेवावा लागतो, जुना आधी वापरून नवा भरत राहावं लागतं. तरी नायट्रेशनच्या प्लांटपेक्षा ते स्वस्त पडेल, आणि चीनने उद्या नळ बंद केला तर सहा महिने हातात राहतात. २०१० मध्ये चिनी मासेमारी बोटीच्या टकरीवरून भांडण झालं तेव्हा जपानचा दुर्मीळ खनिजांचा पुरवठा असाच अडला होता. त्यानंतर जपानने साठाही केला आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसेही घातले. आपल्या मोटारवाल्यांना ते एप्रिल २०२५ मध्ये आठवलं, चीनने याच दुर्मीळ खनिजांच्या मॅग्नेटवर परवान्याची अट घातली तेव्हा.

आता ताईंच्या खाडीबद्दल. माझं मत असं की नायट्रो आणि क्लोरोच्या पायऱ्या लोट्यात आणू नयेत. जागा नाही, खाडी अरुंद आहे, भरती-ओहोटीत पाणी आतल्या आत फिरतं. पेनिसिलीनसारखं किण्वनाचं, म्हणजे आंबवण्याचं, काम वेगळं. त्याचं पाणी घाण असलं तरी जैविक असतं, प्रक्रिया होऊ शकते. फक्त त्यात प्रतिजैविकाचा अंश राहिला तर खाडीतले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्याची मोजणी रोजची हवी आणि ती गावाला दिसायला हवी.

---

खाडीपट्टा

काका, "दिसायला हवी" हे वाक्य मी कितीतरी जनसुनावण्यांत ऐकलंय. आधी आत्ताच्या कारखान्यांची मोजणी दाखवा. ग्रामपंचायतीच्या बाहेर बोर्ड लावा, रोजचा आकडा, मराठीत, आणि आकडा वर गेला तर त्या दिवशी कोणता प्लांट बंद ठेवला त्याचं नाव. एक वर्ष हे झालं की पेनिसिलीनबद्दल बोलायला मी स्वतः बायकांना घेऊन येईन.

साठ्याच्या गोदामाला आमची हरकत नाही. लोट्यात बंद पडलेल्या शेड कमी नाहीत. फक्त ड्रम गळला तर कुणाला फोन करायचा ते आधी ठरवा.

---

देवगडी

गोदामात पंपाचे पार्ट पण ठेवा रे थोडे.